रात्री अडीचला काय हुकलं?

“मुलगा गेमसाठी रात्री दोन-दोनला उठतो. व्यसन लागलंय का त्याला?” आई-वडील हे विचारतात तेव्हा मला करी रोडचं एक कुटुंब आठवतं. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

डिसेंबर २०२० चा पहिला आठवडा. शाळा ऑनलाइन, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. तेरा वर्षांचा पार्थ माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत आईच्या पलीकडे, बाबांपासून जमेल तितका लांब बसला होता. चार दिवस तो बाबांशी एक शब्द बोलला नव्हता.

बाबांनी सांगितलं ते असं. मंगळवारी रात्री ते पाणी प्यायला उठले. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पार्थ कॉम्प्युटरसमोर, स्क्रीनचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून डोक्यावरून चादर घेतलेली. बाबांनी काही न बोलता राउटरचं बटण बंद केलं. पोरगा असा ओरडला की शेजारच्यांनी दार वाजवलं. “गेमसाठी एवढा आकांत? गेम काय दुसऱ्या दिवशी नव्हता?”

नव्हता, हेच तर पार्थ सांगत होता. फोर्टनाइट या ऑनलाइन गेममध्ये त्या रात्री एक लाइव्ह कार्यक्रम होता. मार्व्हल कॉमिक्समधला गॅलॅक्टस हा महाकाय खलनायक गेममधल्या बेटावर येणार आणि सगळ्या खेळाडूंनी मिळून त्याला परतवायचं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे चार, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अडीच. एकदाच होणार, पुन्हा नाही. तो संपला की गेमचा तो सीझन, म्हणजे काही महिन्यांचं पर्वही संपणार. जगभरातले १ कोटी ५३ लाख खेळाडू त्या वेळी आत होते, असं कंपनीने नंतर जाहीर केलं. जागा मिळावी म्हणून पार्थ दीड वाजल्यापासून आत जाऊन बसला होता. सोबत इमारतीतले दोघे आणि लॉकडाऊनमध्ये गावी, कोल्हापूरला गेलेला त्याचा जिवलग मित्र. आठ महिन्यांत चौघं एकत्र जमणार होते ते फक्त तिथे. आणि वीस मिनिटं आधी नेट गेलं.

मी पार्थला विचारलं, रेकॉर्डिंग पाहिलंस का? तो काही बोलला नाही. मग बाबांनीच फोन काढला, यूट्यूबवर लावलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्यांना खरंच वाटत होतं की यात भरपाई आहे. पडद्यावर स्फोटकं भरलेली एक उडती बस गॅलॅक्टसच्या तोंडाकडे निघाली होती. प्रत्येक खेळाडूला त्या रात्री चालवायला आपली बस होती. बाबा म्हणाले, “हे बघ, सगळं आहे की यात.”

पार्थ म्हणाला, “ही दुसऱ्याची बस आहे.” आणि रडायला लागला.

खोलीत शांतता पसरली. मग आई हळूच नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही २ एप्रिल २०११ ला कुठे होता?” वर्ल्ड कपची फायनल वानखेडेवर होती. तिकीट नव्हतं. मॅच घरी टीव्हीवर पाहिली, पण शेवटचा षटकार गेला आणि हे चपला घालून जे निघाले ते मरीन ड्राइव्हवरून पहाटे घरी आले. पार्थ तेव्हा तीन वर्षांचा, तापाने फणफणलेला. “मी म्हटलं होतं, उद्या पेपरात येईलच ना सगळं.” बाबांनी मान खाली घातली. बराच वेळ ते पार्थच्या हाताकडे बघत होते.

मला त्या बाबांविषयी राग नाही. सकाळी सातला बँकेसाठी घर सोडणारा माणूस, त्यात कोविडची धास्ती. रात्री दोनला चादरीखाली बसलेला मुलगा पाहून कोणाचाही जीव हलेल. पार्थनेही लपवलं होतं, ते चूकच. पण नकार आठ दिवस आधी आला असता तर त्यावर भांडता आलं असतं, तडजोड करता आली असती.

व्यसनाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे. पण त्यात ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं हे सगळं लागतं आणि तेही साधारण बारा महिने. पार्थचे शाळेचे तास चालू होते, चित्रकला चालू होती, रोजचा गेम तासाभरात बंद होत होता. एका रात्रीवरून व्यसन ठरवू नका, हे मी आजही ठामपणे सांगते. आणि तुमच्या घरात ही लक्षणं महिनोन्‌महिने दिसत असतील, तर एका कार्यक्रमाच्या वादात न अडकता सरळ मदत घ्या.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. कार्यक्रमाची तारीख कळली की पार्थने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहायची, वेळ मुंबईची. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं तेव्हा तिथले चार म्हणजे आपले दीड, हिवाळ्यात अडीच. हे त्यानेच बाबांना शिकवलं. तो कार्यक्रम पुन्हा होणार आहे का ते आधी बघायचं. एप्रिल २०२० मध्ये याच गेममध्ये अमेरिकन रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटच्या कार्यक्रमाचे पाच खेळ झाले होते, त्यातला एक आपल्या संध्याकाळी होता. तशा वेळी जागरण नाही. एकदाच असेल तर दुपारी झोप काढायची, चादर नाही, दार उघडं. त्यानिमित्ताने निघणारे गेममधल्या पात्रांचे पोशाख वगैरे विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. “आत्ताच, नाहीतर कधीच नाही” या घाईवर कंपनीचा धंदाही चालतो, हे पार्थला मी तितकंच स्पष्ट सांगितलं. ते त्याला आवडलं नाही, पण पटलं.

पुढच्या सप्टेंबरात, १२ तारखेला त्यांच्याकडे गौरी आल्या. त्याच रात्री, आपले दीड वाजता, गेममध्ये पुन्हा असाच एक कार्यक्रम होता. परग्रहवासीयांच्या यानात शिरायचा. कॅलेंडरवर लिहिलेला. दुसऱ्या दिवशी आईचा मला फोन आला. बाबा एकचा गजर लावून उठले होते. पार्थच्या मागे खाटेवर बसले आणि म्हणाले, “यातली तुझी बस कुठली?”

“पप्पा, या वेळी बस नाहीये. थांबा, दाखवतो.”