तीनदा पाहिला, तीनदा रडली

“मॅडम, एका रडक्या सिनेमापायी पोरगी आठ दिवस माझ्याशी बोलत नाहीये.” माझ्याकडे समुपदेशनाला आलेले लालबागचे वडील, मुलगी दहावीतली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सिनेमा शाळकरी प्रेमाचा, शेवटी पावसात ताटातूट. तिनं तीनदा पाहिला, तीनदा रडली. वडील थिएटरच्या जिन्यातच म्हणाले, “काय फालतूपणा!” आणि पाठोपाठ, “कोण मुलगा आहे?”

बहुतेक पालकांचं गाडं या जिन्यातच अडतं. डोळे ओले असताना समीक्षा कुणाला ऐकवत नाही. निदान एक रात्र मध्ये जाऊ द्यावी.

वडिलांचा दुसरा मुद्दा सेन्सॉर सर्टिफिकेटचा: यूए 16+, आणि मुलगी पंधराची. 2024 पासून यूएचे 7+, 13+ आणि 16+ असे गट झाले, पण ती पालकांना दिलेली सूचना आहे. वयावरून मनाई फक्त ‘ए’ला, म्हणजे प्रौढांसाठीच्या सिनेमाला. सिनेमा बरा की वाईट, ते त्यावरून कळत नाही.

गंमत म्हणजे त्यांना ‘सैराट’ (2016) फार आवडतो. त्याचाही पूर्वार्ध हळवाच, अजय-अतुलच्या वाद्यवृंदानं ओथंबलेला. शेवटच्या प्रसंगात मात्र संगीतच नाही. म्हणजे हळवेपणाचं त्यांना वावडं नव्हतं, ओढूनताणून रडवण्याचं होतं.

दोघांना गृहपाठ दिला. ओटीटीवर दोनच प्रसंग, मिळून दहा मिनिटं. आधी आवाज बंद करून, मग आवाजासकट. प्रत्येकानं वेगळ्या कागदावर लिहायचं: पात्रानं स्वतः काय ठरवलं? संगीत प्रसंगाआधी सुरू झालं की नंतर? मला कोण आठवलं? मग तीन-तीन मिनिटं बोलायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. (वडिलांनी पहिल्याच मिनिटाला घातलं. पुन्हा सुरुवात.)

पावसाच्या प्रसंगाला मुलीनंच लिहिलं, ‘आवाज बंद केला तर काहीच घडत नाही.’ दुसरा प्रसंग होता टेम्पोत सामान चढताना गॅलरीत उभ्या मैत्रिणीचा. तिसऱ्या प्रश्नापुढे तिच्या शेजारणीचं नाव होतं. चाळ रीडेव्हलपमेंटला गेली आणि ती मैत्रीण जूनमध्ये विरारला राहायला गेली. मुलगा कुणी नव्हताच.

झोप, जेवण, अभ्यास यांची घडी दोन आठवड्यांहून जास्त विस्कटली असती, तर मी सिनेमा बाजूला ठेवून आधी तेच पाहिलं असतं. इथे तसं काही नव्हतं.

वडील अजूनही त्याला रडकाच म्हणतात. टेम्पोचा प्रसंग सोडून, असं मुलगी त्यांना दर वेळी बजावते.