कोरोनात दाखल असलेल्या वडिलांना आता पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना धाप लागते. हृदयावर परिणाम झाला असेल का?

असू शकतो, आधी हृदयविकार नसला तरी. २०२० मध्ये वुहानच्या एका रुग्णालयातल्या ४१६ रुग्णांपैकी ८२ जणांच्या हृदयाला इजा झाल्याचं रक्तातल्या ट्रोपोनिनवरून (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) दिसलं, आणि त्यातले निम्मे दगावले. शरीरभर उठलेला दाह, रक्तातल्या गुठळ्या, ऑक्सिजनची कमतरता, सगळ्यांचा भार हृदयावर येतो. म्हणून ट्रोपोनिन वाढलं म्हणजे हार्ट अटॅकच, असंही नाही.

धाप फुफ्फुसांमुळेही लागते, पण कृपा करून ती वयावर ढकलू नका. डॉक्टरांना दाखवून ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. डिस्चार्जचा कागद सोबत न्या. तोवर पायऱ्या बंद. छातीत दुखलं किंवा भोवळ आली, तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ लावा.