घटस्फोटानंतरच्या आयुष्यावरच्या कौटुंबिक सिटकॉम लोकांना इतक्या का आवडतात?

कारण नवरा-बायको वेगळे झाले तरी मुलांपायी त्यांना एकमेकांना टाळता येत नाही, आणि विनोदी मालिकेला लागणारी रोजची खटपट तिथे आयतीच मिळते. या प्रकारातल्या बऱ्याच अमेरिकन मालिका मी आवडीने पाहिल्यात. माझ्या मते सगळ्यात नेमकी म्हणजे ‘रीबा’ (२००१–२००७). ह्यूस्टनमधल्या रीबाचा नवरा ब्रॉक दातांचा डॉक्टर. तो त्याच्याच दवाखान्यातल्या बार्ब्रा जीनशी दुसरं लग्न करतो. पण या बार्ब्रा जीनला रीबाचीच जिवलग मैत्रीण व्हायचं असतं! ती हक्काने रीबाच्या घरात शिरते, गळ्यात पडते, आणि हाकलावं तर तिच्या मनात काळंबेरं काहीच नसतं. खलनायक कुणी नसल्यामुळे आपल्यालाही बाजू घ्यावी लागत नाही. खरं आकर्षण हेच. आई-वडील वेगळे राहणाऱ्या मुलांना आपल्यासारखं घर ‘बिघडलेलं’ न ठरवता दाखवलेलं दिसतं, हेही मोठंच. एके काळी हे सोपं नव्हतं: ‘द मेरी टायलर मूर शो’ची (१९७०) नायिका घटस्फोटित असावी ही निर्मात्यांची कल्पना सीबीएसने मान्य केली नाही, आणि १९७५ मध्ये त्याच वाहिनीवर ‘वन डे अ‍ॅट अ टाइम’मधली घटस्फोटित आई दोन मुलींना वाढवताना दिसली. एक मात्र आहे, वीस-बावीस मिनिटांच्या भागात पोटगी, कोर्टाच्या तारखा, मुलांचा ताबा हे सगळं बहुधा झटपट उरकलं जातं. घाव ताजा असेल तर हा हलकेपणा खुपू शकतो.