व्हेगासमधली नऊ लाखांची खुर्ची

नाशिकहून एका वाचकांनी लिहिलंय. वय ४८, अंबडच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर. नवरा-बायकोचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ४५ हजार, घराचा हप्ता ३४ हजार आणि तो अजून नऊ वर्षं चालणार. मुलगी अकरावीला. सगळं भागवून महिन्याला तीसेक हजार उरतात. बारा वर्षं दर शनिवारी मित्रांबरोबर पोकर, गोव्यात तीन स्पर्धा, त्यातल्या एकीत बक्षीस. आता येत्या जुलैत लास व्हेगासला जाऊन 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' या स्पर्धामालिकेतली मुख्य स्पर्धा, म्हणजे मेन इव्हेंट, खेळायची आहे. १८ लाखांची मुदत ठेव आहे, तिच्यातले १३ लाख काढायचे. मेहुणे आणि दोन मित्र प्रत्येकी दहा टक्के 'शेअर' घ्यायला, म्हणजे पैसे घालून बक्षिसात वाटा घ्यायला, तयार आहेत. प्रश्न एवढाच विचारलाय: ठेव मोडली तर बँक एक टक्का दंड लावते, त्यापेक्षा ठेवीवर कर्ज काढलेलं बरं का?

दंड म्हणजे वर्षाला साधारण तेरा हजार. तेरा लाखांच्या प्रश्नात तुम्ही नेमकं तेरा हजारांवर बोट ठेवलंत. ठेवीवर कर्ज काढलं तर ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज द्यावं लागेल, आणि खेळ संपून तुम्ही परत आलात तरी ते चालूच राहील. तेव्हा तो विषय इथेच संपवू.

खरा हिशोब टेबलावरचा आहे. मेन इव्हेंटची फी १९७२ पासून १०,००० डॉलरच आहे. एवढी वर्षं भाव न वाढलेली दुसरी वस्तू मला तरी आठवत नाही. डॉलर ९० रुपयांचा धरला तर नऊ लाख. २०२५ मध्ये ९,७३५ जणांनी ती भरली. प्रत्येकाच्या दहा हजारांतले ७०० डॉलर आयोजकांकडे राहिले, ९,३०० बक्षिसांत गेले. बक्षीस मिळालं १,४६१ जणांना, म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी रिकाम्या हाताने उठले. पहिल्याला एक कोटी डॉलर मिळाले. सर्वांत लहान बक्षीस होतं १५,००० डॉलर.

त्या १५,००० वर जरा थांबा, कारण घरी फोन करून 'बक्षिसात आलो' असं तुम्ही ज्या रकमेवर सांगाल ती बहुधा हीच असेल. परदेशी खेळाडूच्या पोकर बक्षिसातून अमेरिका ३० टक्के कर कापून घेते. (गंमत म्हणजे त्याच इमारतीत ब्लॅकजॅक किंवा रूलेवर जिंकलात तर परदेशी माणसाला हा कर नाही. पोकरला आहे.) हातात उरले १०,५००. विमान, दहा-बारा दिवसांचं हॉटेल, जेवणखाण मिळून तुम्ही धरलेला खर्च साधारण ४,००० डॉलर. म्हणजे एकूण १४,००० घातले आणि १०,५०० आले. नातेवाईक पेढे मागतील आणि तुम्ही तीन लाख पंधरा हजारांनी खाली असाल.

भारतात अशा कमाईवर सरसकट ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस. त्यातून फी, विमान, हॉटेल काहीच वजा होत नाही. तिकडे कापलेल्या कराची सवलत इथे मागता येते, म्हणून दोनदा पूर्ण कर बसणार नाही. पण हरलात तर तो तोटा पगारातून वजा करता येत नाही.

आता उलटा हिशोब करू. अगदी सरासरी खेळाडूला दीर्घकाळात ९,३०० परत मिळतील, कर जाऊन ६,५१०. तुमचे १४,००० नुसते वसूल व्हायला बक्षिसाची सरासरी २०,००० हवी. म्हणजे तुम्ही त्या हॉलमधल्या सरासरी माणसापेक्षा दुपटीहून सरस असलात तर बरोबरीत सुटाल. आणि त्या हॉलमध्ये हेच करून पोट भरणारे लोकही बसलेले असतात. पोकरमध्ये कौशल्य किती आणि नशीब किती, या वादात मी पडत नाही. दुप्पट सरस असल्याचा पुरावा मात्र तुमच्या पत्रात नाही. तीन स्पर्धा आणि एक बक्षीस एवढ्यावर काहीच ठरत नाही. बारा वर्षांच्या शनिवारांची वही ठेवली आहे का? ठेवली असती तर तुम्ही पहिल्याच ओळीत सांगितलं असतं, असा माझा अंदाज.

तुम्ही ख्रिस मनीमेकरचा दाखला दिलाय. टेनेसीतला अकाउंटंट, आडनावच मनीमेकर, २००३ मध्ये शंभर डॉलरांच्या आतली ऑनलाइन सॅटेलाइट (मोठ्या स्पर्धेतली जागा बक्षीस म्हणून देणारी छोटी स्पर्धा) जिंकून आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. खरी गोष्ट. पण त्या वर्षी खेळाडू होते ८३९, आणि त्याने ठेव मोडली नव्हती. ती स्वस्त वाट इथून आता बंद आहे: ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत वा नशिबाचे.

याहून मोठी अडचण पत्रात कुठेच नाही. परदेशी पैसे पाठवण्याची वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे, पण फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांत काही कारणांना साफ बंदी आहे: लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक्स 'इत्यादी'. पोकरची फी त्या 'इत्यादी'त बसते की नाही, हे तुमच्या बँकेच्या परकीय चलन विभागाकडून लेखी घ्या. क्रेडिट कार्डाने भरलं म्हणून नियम बदलत नाही. फॉर्मवर 'पर्यटन' लिहून मोकळं व्हा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. नोटा म्हणाल तर एका प्रवासाला तीन हजार डॉलरच नेता येतात. वर्षाला दहा लाखांपुढे पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो रिटर्न भरल्यावर वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो.

मेहुण्यांच्या दहा टक्क्यांबद्दल. बक्षीस आणि कर दोन्ही खेळणाऱ्याच्या नावावर येतात. मग त्यांचे दहा टक्के कर कापायच्या आधीचे की नंतरचे? विमानभाड्यात त्यांचा वाटा किती? हे कागदावर लिहून सही होत नाही तोवर त्यांचे पैसे घेऊ नका. बाहेरच्या माणसाशी व्यवहार फिसकटला तर तो परत भेटत नाही, मेहुणे दिवाळीला भेटतात.

तयारी म्हणून तुम्ही पत्त्यांचा अभ्यास सांगितलात, शरीराचा नाही. सुरुवातीला साठ हजार चिप्स (डावावर लावायच्या चकत्या) मिळतात, खेळाची एकेक लेव्हल, म्हणजे टप्पा, दोन तासांची, दिवसाला पाच. मधल्या सुट्ट्या धरून बारा-तेरा तास खुर्चीत. नाशिक आणि व्हेगासच्या घड्याळात जुलैत साडेबारा तासांचं अंतर असतं, म्हणजे तुमची रात्र हाच तिथला खेळ. चार दिवस आधी पोचायला हवं, म्हणजे हॉटेलचे चार दिवस वाढले. बक्षिसांची रेषा येते खेळाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तिथपर्यंत जागं राहणं हीसुद्धा खर्चाचीच बाब आहे.

माझं मत: या वर्षी नाही, आणि त्या ठेवीतून तर कधीच नाही. १८ लाख ही मुलीची फी आणि घराची अडीअडचण एकत्र आहे. दोन वर्षांच्या आत पहिली फी भरायची वेळ येईल, आणि पाच लाखांत ती, हप्ता आणि एखादं आजारपण असं सगळं बसत नाही.

पण हौस मारून टाका, असंही मी म्हणणार नाही. उरणाऱ्या तीस हजारांतले वीस एका वेगळ्या आरडीत टाका. त्यातूनच सहा महिन्यांनी एकदा गोवा. कॅसिनोवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे, तेव्हा मांडवीतल्या बोटीवरची फेरीही मोजून मापून. प्रत्येक स्पर्धेची फी, प्रवास, परतावा वहीत. अडीच वर्षांत सहा लाख आणि वर व्याज जमेल. गोवा वजा जाता पाचेक लाख हातात राहतील. तोवर तुमची पन्नाशी उलटलेली असेल, आणि त्याच मालिकेत पन्नाशीपुढच्यांची वेगळी स्पर्धा असते, फी १,००० डॉलर. शिवाय तिथेच हजारेक डॉलरच्या सॅटेलाइट चालतात, त्यातून मेन इव्हेंटची जागा मिळू शकते. बँकेने लेखी होकार दिला तर त्या पाच लाखांत ही सहल बसते, आणि सगळे गेले तरी घरातला एकही हप्ता चुकत नाही. नकार आला तर गोवा आहेच.

पत्रात वहिनींचा उल्लेख एकदाच आलाय, पगाराच्या बेरजेत. ठेव दोघांच्या नावावर आहे का, ते कळवा. गोव्याच्या तीन फेऱ्यांची फी, बस, हॉटेल, आठवेल तसं एका कागदावर मांडा, आणि मला पाठवण्याआधी तो कागद त्यांना दाखवा.