‘फक्त काउंट कमी आहे, बाकी सगळं नॉर्मल’

वंध्यत्वाच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून काम करताना हे वाक्य मी सतत ऐकते. काउंट म्हणजे वीर्यातल्या शुक्रजंतूंची संख्या. “मॅडम, बाकी सगळं नॉर्मल आहे. फक्त काउंट कमी आहे. तेवढं वाढवायचं औषध द्यायला सांगा ना डॉक्टरांना.” बोलणारा पुरुष तिशी-पस्तिशीचा असतो. रिपोर्टची घडी त्याच्या शर्टाच्या खिशात असते आणि मोठी जाडजूड फाइल बायकोच्या मांडीवर.

सागर आणि मेघा असेच आले. (नावं आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.) सागर ३४ वर्षांचा, सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, दर आठवड्याला शिफ्ट बदलणारी. मेघा २९ची, शाळेत शिकवते. लग्नाला पाच वर्षं, त्यातली तीन मुलासाठी प्रयत्न करण्यात गेलेली. मेघाची थायरॉइडची तपासणी झाली होती, एएमएच (स्त्रीबीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) झालं होतं, कितीतरी महिने फॉलिकल स्टडी (स्त्रीबीजाची वाढ बघणारी सोनोग्राफी) झाली होती, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघणारा एक्स-रे, म्हणजे एचएसजीसुद्धा झाली होती. शिवाय सासूबाईंनी सांगितलेले सोमवार चालू होतेच. सागरची वीर्यतपासणी मात्र आमच्याकडे यायच्या जेमतेम तीन आठवडे आधी, पहिल्यांदाच झालेली.

याचा मला राग येतो आणि मी तो लपवत नाही. सगळ्या तपासण्यांत ही सगळ्यात स्वस्त, सुईही न टोचणारी तपासणी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही ना काही कारण सापडतं. तरी तिचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

रिपोर्टमध्ये मिलिलिटरमागे ९ दशलक्ष शुक्रजंतू होते आणि हालचाल करणारे २८ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शिकेत या दोन्हींची खालची मर्यादा अनुक्रमे १६ दशलक्ष आणि ४२ टक्के आहे. सागरने ती परीक्षेतल्या पस्तीस मार्कांसारखी वाचली होती. ही मर्यादा कशी काढली ते सांगितल्यावर तो जरा सैलावला: ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस राहिले, अशा पुरुषांच्या तपासण्या घेतल्या आणि त्यांतल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांपाशी रेघ मारली. म्हणजे रेघेखालचेही बाप झालेले आहेत, आणि रेघेच्या वर असूनही कित्येकांना वाट बघावी लागते. शिवाय एका नमुन्यावर निकाल द्यायचा नसतो. नमुन्याआधी दोन ते सात दिवस वीर्यपतन टाळलं का, मधल्या काळात ताप आला होता का, यावरही आकडा हलतो. दुसरी तपासणी करायचीच होती.

“आणि बाकी सगळं नॉर्मल म्हणजे काय काय तपासलंय?” मी विचारलं.

तो थांबला. मग म्हणाला, “कंपनीत दरवर्षी मेडिकल होतं की.”

पुढच्या वेळी तो ते कागद घेऊन आला. दोन वर्षं टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडलेले. उपाशीपोटीची साखर ११२. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, २६८. एचडीएल, ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, ३४. रक्तदाब १३८/९०. खाली शिक्का: ‘फिजिशियनचा सल्ला घ्यावा’. पोटाचा घेर मी तिथेच टेपने मोजला, ९८ सेंटीमीटर. पोट, साखर, चरबी आणि रक्तदाब एकत्र बिघडतात त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तो ठरवायला पाच गोष्टी बघतात: दक्षिण आशियाई पुरुषाचा घेर ९०पेक्षा जास्त, साखर १००च्या वर, ट्रायग्लिसराइड १५०च्या वर, एचडीएल ४०च्या खाली, रक्तदाब १३०/८५च्या वर. पाचांतल्या तीन असल्या तरी पुरे. सागरकडे पाचही होत्या.

“पण मी जाडा कुठे आहे?” हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. “आमच्या खात्यात शंभर किलोचा माणूस आहे, त्याला दोन पोरं आहेत.”

उंची १७० सेंटीमीटर, वजन ७६ किलो. हातपाय किरकोळ, गळ्याखाली बरगड्या दिसतील असा. पँटचा नंबर ३४ सांगायचा, कारण पँट पोटाखाली नेसलेली. अशा वेळी मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडच्या पुरुषात चरबी आधी पोटात आणि यकृतात जाऊन बसते, दंडावर दिसत नाही. त्या शंभर किलोवाल्याचं म्हणाल, तर विडी ओढूनही नव्वदी गाठलेले आजोबा प्रत्येकाच्या गावात असतात.

पोटाची चरबी आणि शुक्रजंतू यांचा संबंध काय, हे मेघाने विचारलं. शिक्षिकाच ती. चरबीच्या पेशींत ॲरोमॅटेज नावाचं विकर असतं. ते टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन करतं. इस्ट्रोजेन वाढलं की मेंदूतून वृषणांकडे जाणारे एलएच आणि एफएसएच हे दोन संदेश मंदावतात. शरीर इन्सुलिनला दाद देत नसलं की टेस्टोस्टेरॉन रक्तातून वाहून नेणारं प्रथिनही कमी होतं. वाढलेली साखर आणि चरबीतला दाह यांमुळे जी रसायनं तयार होतात, ती शुक्रजंतूच्या आतल्या डीएनएलाही इजा करतात, आणि हे साध्या तपासणीत दिसत नाही. त्यात वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंडावा लागतो. मांड्यांची चरबी किंवा कारखान्यातली भट्टीजवळची तासन्‌तास ड्यूटी तोही मिळू देत नाही.

मग सागरने पिशवीतून एक डबी काढली. व्यायामशाळेत जाणाऱ्या त्याच्या चुलतभावाने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं आणून दिली होती. सागरचं टेस्टोस्टेरॉन खरोखरच कमी होतं, २५५. कमी आहे तर भरून काढायचं, हा हिशेब कोणालाही पटेल असाच. अजून एकही टोचलेलं नव्हतं, एवढं नशीब.

हे मी त्याच्याच भाषेत सांगितलं. गोदाम बाहेरच्या मालाने भरलं की ऑफिस कारखान्याला ऑर्डर पाठवायचं बंद करतं. मेंदूचंही तसंच. रक्तात बाहेरून हार्मोन आलं की एलएच आणि एफएसएच थांबतात, आणि वृषणाच्या आत जे टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट लागतं, ते तयारच होत नाही. शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात. १९९०च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने हीच इंजेक्शनं दर आठवड्याला देऊन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून अनेक देशांत चाचणी घेतली होती! मूल हवं म्हणून माणूस मूल न होण्याचं औषध टोचून घेतो आणि वर त्याचे पैसे मोजतो. बंद केल्यावर बहुतेकांचं काम पूर्वपदावर येतं, पण त्याला महिने जातात, कधी वर्षाहून जास्त. डबी आमच्या डॉक्टरांकडे गेली.

जस्त आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्यांबद्दलही त्याने विचारलं. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या चाचणीत, तिचे निष्कर्ष २०२० साली आले, या गोळ्यांनी ना वीर्य सुधारलं ना बाळांची संख्या वाढली. दुकानातल्या ‘शक्तिवर्धक’ पावडरींबद्दल तर मी बोलतच नाही.

मेघा पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा सागर हळूच म्हणाला, “मॅडम, वर्षभर निम्म्या वेळा जमतच नाही.” डॉक्टरांनी दिलेल्या तारखांच्या रात्री तर हमखास नाही. त्याने ते मनावर घेतलं होतं, मेघाला वाटत होतं तिच्यातच त्याला रस उरला नाही. मनावरचा ताण होताच. पण साखर, रक्तदाब आणि तंबाखू मिळून बारीक रक्तवाहिन्या बिघडवतात, आणि लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असल्याने तिथला बिघाड आधी कळतो. चौतिशीत हे होत असेल तर फिजिशियनला सांगायलाच हवं. त्याच्या परवानगीने पुढच्या बैठकीत हे तिघांत बोललो. मेघा रडली, मग म्हणाली, “आधी सांगितलं असतंस तर मी ती तारखांची वही जाळली असती.” माझ्या मते त्यांच्या उपचारातला सगळ्यात मोठा भाग त्या दिवशी झाला.

पुढचं काम मात्र कंटाळवाणं होतं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.२ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ हा तो टप्पा). फिजिशियनने औषधं ठरवली. यूरॉलॉजिस्टने व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, नाही ना हे हाताने तपासलं, नव्हतं. आहारात सगळ्यात अवघड होती दुसरी शिफ्ट: रात्री साडेबाराला घरी आल्यावर आई ताट वाढून जागी बसलेली. ते ताट नाकारणं म्हणजे आईला नाकारणं. म्हणून आईलाही एकदा बोलावलं. त्या गुडघेदुखीने पाय ओढत आल्या, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “म्हंजे पोराला उपाशी ठेवू?” ठरलं असं की जेवण आठ वाजता कँटीनमध्ये, डब्यातली उसळ, कोशिंबीर आणि एक भाकरी, घरी आल्यावर नुसतं ताक. दिवसाच्या सात-आठ चहांचे दोन झाले, तेही बिनसाखरेचे. रविवारची मिसळ राहिली, तिसरा पाव गेला. बाजरीची भाकरी म्हणजे औषध असा समज करून लोक चार-चार खातात, तसं करू नका हे मी आवर्जून सांगितलं. चालणं, आठवड्यातून तीनदा बैठका आणि जोर. तंबाखू-चुन्याची डबी सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला, मध्ये दोनदा परत आली.

“किती दिवसांत फरक?” एक शुक्रजंतू घडायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यानंतर बाहेर येईपर्यंतचा प्रवास. आजचा नमुना साधारण तीन महिन्यांपूर्वीच्या शरीराने बनवलेला असतो. म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी करणं म्हणजे पैसे वाया. डेन्मार्कमध्ये लठ्ठ पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात (२०२२) आठ आठवड्यांच्या कमी उष्मांकाच्या आहाराने सरासरी साडेसोळा किलो वजन उतरलं आणि शुक्रजंतूंची संख्या जवळपास दीडपट झाली. वर्षभरानंतर ती टिकली ज्यांनी वजन टिकवलं त्यांचीच.

सहा महिन्यांनी सागरचं वजन ६९ किलो, घेर ८९, एचबीए१सी ५.७. काउंट १८, हालचाल ३९ टक्के. यातली थोडी वाढ नमुन्या-नमुन्यातल्या नेहमीच्या चढउताराचीही असेल, हे मी त्यांना सांगितलं. काउंट वाढला म्हणजे मूल होईलच असंही नाही. पण रात्रीचं ‘जमत नाही’ जवळजवळ गेलं होतं, त्यावर मेघाचा शेरा मी इथे लिहीत नाही. आणखी चार महिने स्वतःहून प्रयत्न, मग आययूआय (धुतलेलं वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडणं), असं डॉक्टरांशी बोलून ठरलं. दुसऱ्या आययूआयला दिवस राहिले.

आधी वजन, मग उपचार, हा क्रम सगळ्यांना लावू नका. मेघा २९ची होती म्हणून दहा महिने हातात होते. बायको पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करूनच डॉक्टर गाठायचे, आणि नवऱ्याची सुधारणा व तिचे उपचार बरोबरीने चालवायचे. वीर्यात शुक्रजंतू अजिबात नसतील किंवा मिलिलिटरमागे पाच दशलक्षांहून कमी असतील, तर चालण्या-पळण्यावर न विसंबता हार्मोन आणि गुणसूत्रांच्या तपासण्या आधी हव्यात. मधुमेह जुना असेल आणि वीर्य बाहेर फारच कमी येत असेल, तर ते उलट मूत्राशयात जात असण्याची शक्यता असते. त्यासाठी नंतरच्या लघवीची तपासणी करतात. आणि पहिल्या भेटीला येताना कंपनीच्या मेडिकलचे कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-पावडरी-इंजेक्शनांच्या डब्या आणि पोटाचा बेंबीवर मोजलेला घेर घेऊन या. पँटचा नंबर नको.