१८५३ ची बोरीबंदर–ठाणे गाडी हीच मुंबईची पहिली लोकल का?

नाही. १६ एप्रिल १८५३ ला धावली ती आपली पहिली प्रवासी रेल्वे, पण तिला लोकल म्हणू नये. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे, चारशेच्या आसपास निमंत्रित आणि एकवीस तोफांची सलामी, असा तो सोहळा होता. ती चालवणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीची नजर घाटापलीकडच्या कापसावर होती, ठाणे हा वाटेवरचा पहिला टप्पा. ती रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी खटपट केली, ते श्रेय त्यांचंच.

उपनगरातल्या माणसांना शहरात आणण्यासाठी गाडी सुरू केली ती बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) या दुसऱ्या रेल्वे कंपनीने. १२ एप्रिल १८६७, विरार ते बॅकबे, म्हणजे दक्षिण मुंबईतलं तेव्हाचं स्टेशन. जायला एक, यायला एक, बस्स. नुसती तारीख हवी असेल तर ही घ्या.

पण आज आपण जिला लोकल म्हणतो ती, माझ्या मते, ३ फेब्रुवारी १९२५ ला जन्मली. त्या दिवशी व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला, हार्बर मार्गावर १५०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेवर चार डब्यांची गाडी धावली. याला मी इतकं महत्त्व देतो, कारण मुंबईत स्टेशनं एकमेकांना खेटून आहेत. मशीद सुटतं न सुटतं तोच सँडहर्स्ट रोड येतं. वाफेच्या इंजिनाला वेग घ्यायला वेळ लागतो, आणि वेग येईपर्यंत ब्रेक लावायची वेळ होते. शिवाय शेवटच्या स्टेशनात इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावं लागतं, तोवर फलाट अडतो. विजेच्या गाडीत मोटारी डब्यांखालीच असतात आणि दोन्ही टोकांना केबिन असते. मोटरमन या टोकाचा त्या टोकाला गेला की गाडी परत निघाली! दर तीन-चार मिनिटांनी लोकल सोडणं शक्य झालं ते या सोयीमुळे.

५ जानेवारी १९२८ ला पश्चिमेकडेही कुलाबा ते बोरिवली वीज आली. (कुलाब्याला स्टेशन होतं, हे आता फार जणांना ठाऊक नसतं. ते १९३० अखेर बंद झालं आणि चर्चगेट शेवटचं स्टेशन ठरलं.) मध्य रेल्वेच्या मार्गासाठी तर ठाकुर्लीला रेल्वेने स्वतःचं वीजघर उभारलं, तेच चोळा पॉवर हाऊस.

पुढचा इतिहास मुख्यतः डबे वाढण्याचा: नऊ, बारा, पंधरा. डीसी जाऊन २५ हजार व्होल्ट एसी (दिशा बदलत वाहणारी वीज) आलं, त्यात हार्बरचा नंबर सगळ्यात शेवटी, एप्रिल २०१६ मध्ये लागला.

मात्र १९९२ विसरू नका. त्या वर्षी मे महिन्यात लोकल मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला पोचली. या मार्गाच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, उचलला होता.