४ आणि ८ वर्षांच्या मुलांना घेऊन पहिल्यांदाच समुद्रकिनारी तंबूत राहणार आहोत. तयारी काय करावी आणि मुलांना रमवावं कसं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठ वर्षांची, धाकटा चारचा, मुक्काम एकाच रात्रीचा, आणि घरात याआधी कुणीच तंबूत झोपलेलं नाही. मोबाईल हातात न देता मुलांचा वेळ कसा जाईल याची धास्ती आहे, म्हणून सोप्या हस्तकलाही विचारल्यात. मी आत्या आहे. सुट्टी लागली की भाचरांची पलटण माझ्याकडे उतरते, त्यामुळे दोन्ही गोष्टींत माझे हात बऱ्यापैकी मळलेले आहेत.

आधी माझं मत सांगते, मग बाकीचं. खेळांची यादी करून नेऊ नका. तंबू टाकून राहण्यात जी खरी कामं असतात तीच मुलांना वाटून द्या. मोठी माणसं सगळं भराभर उरकून खुर्च्या मांडून बसतात, आणि मग मुलं "आता काय करू?" म्हणत भोवती फिरतात. दोरी ताणणं, पाणी आणणं, वारा कुठून येतोय ते बघणं, भरतीवर लक्ष ठेवणं, याहून मोठी मजा चार वर्षांच्या मुलासाठी दुसरी नसते. फक्त प्रत्येक कामाला तिप्पट वेळ लागेल हे धरून चाला.

पहिली रात्र घरीच काढा. गच्ची, अंगण, काहीच नसेल तर दिवाणखान्यात सामान सरकवून. दिवे बंद करून तंबू उभा करता येतो का, झोपायच्या पिशवीत धाकट्याला गुदमरल्यासारखं वाटतं का, मध्यरात्री शूला उठायचं तर झिप कोण उघडणार आणि टॉर्च कुठे ठेवलेली असणार, हे सगळं त्या एका रात्रीत कळतं. मुलांना तंबूच्या कापडाच्या आवाजाचीही सवय होते. किनाऱ्यावर वाऱ्याने कापड फडफडतं आणि लाटांचा आवाज रात्री दिवसापेक्षा मोठा वाटतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

आता जागा. तिथे मुक्कामाला परवानगी आहे का हे आधी विचारा. कासवं अंडी घालतात अशा किनाऱ्यांवर बहुधा ती नसते, आणि नसावीच. परवानगी असेल तर पुढचा प्रश्न भरतीचा. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर साधारण १२ तास २५ मिनिटांनी दुसरी येते, त्यामुळे रोज भरतीची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सर्वांत वरपर्यंत येतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, ती त्या मानाने शांत. पहिल्या वेळेला भांगाचे दिवस निवडा. किनाऱ्यावर वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपले यांची एक वाकडीतिकडी रेघ दिसते, ती अलीकडच्या भरतीची खूण. तंबू तिच्या बऱ्यापैकी वर हवा. पण "बऱ्यापैकी वर" म्हणजे वाळूच्या उंचवट्यांवर उगवलेल्या वेली-गवतावर नव्हे. त्यांच्या मुळांनीच ती वाळू धरून ठेवलेली असते. उधाण जवळ येत असेल तर कालच्या रेघेवर विश्वास ठेवू नका, आज पाणी तिच्याही पुढे येईल. स्थानिक भरतीचं वेळापत्रक बघून जाणं उत्तम.

तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक खुंट्या कोरड्या वाळूत टिकत नाहीत, एका झुळकीत उपसून येतात. त्याऐवजी कापडी पिशव्या न्या. पिशवी वाळूने भरायची, तोंड दोरीने बांधायचं, हातभर खोल पुरायची आणि वरून वाळू तुडवून घट्ट करायची. दोरी तंबूकडे तिरकी ताणली की ती पिशवी सहसा हलत नाही. हे काम निव्वळ मुलांचं आहे. भरणं, ओढणं, पुरणं, वर नाचणं, सगळं त्यातच आलं. परत निघताना पिशव्या उकरून काढणं हा तर खजिना शोधण्याचा खेळ.

दार कोणत्या दिशेला करावं, हे ठरवायला एक काठी रोवून तिला कापडाच्या चिंध्या बांधा. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून जमिनीकडे वारा येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हवामान शांत असेल तर संध्याकाळी मधे काही वेळ चिंध्या मलूल लोंबतात आणि मग दिशा बदलते. तुमच्या आठ वर्षांच्या मुलीला हे आधी सांगू नका. तिला फक्त दर तासाला चिंध्या कुठे उडतात याचा बाण वहीत काढायला सांगा.

तिलाच भरतीची पहारेकरी नेमा. दर १५ मिनिटांनी, तुमच्यापैकी एकाला सोबत घेऊन, लाट जिथवर आली तिथे एक काटकी रोवायची आणि दोन काटक्यांमधलं अंतर पावलांनी मोजायचं. थोड्या वेळात तिच्या लक्षात येईल की पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळमानाने सहा तासांच्या चढात मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. सुरुवात आणि शेवट संथ असतो. उतार कमी असेल तर पाणी थोडंसंच चढलं तरी आडवं कितीतरी पुढे सरकतं. हे एकदा पाहिलेलं मूल पुढे समुद्राकडे पाठ करून बसणार नाही.

धाकट्याला एवढी शिस्त झेपणार नाही आणि त्याची गरजही नाही. त्याला एक बादली, एक कप आणि ओल्या-कोरड्या वाळूच्या सीमेवरची जागा द्या. कोरडी वाळू ओघळते, चिखल झालेली वाळू बसते, आणि मधली, नुसती ओलसर वाळू उभी राहते, कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं. किल्ला बांधून द्यायला तुम्ही धावू नका. त्याला तो पाडायचाच असतो.

खड्ड्यांबाबत मात्र मी कडक आहे. वाळूत खोल खड्डा खणून आत बसणं हे दिसतं तितकं निरुपद्रवी नाही. कडा अचानक ढासळतात आणि वाळूखालून मुलाला काढायला फार कमी वेळ मिळतो. धाकट्याच्या गुडघ्यापेक्षा खोल खणायचं नाही, बोगदे नाहीत, आणि उठताना खड्डा बुजवायचा.

पाण्यात जाताना मोठं माणूस हातभर अंतरावर हवं. लांबून "लक्ष आहे माझं" म्हणणं चालत नाही. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मधला एक पट्टा शांत आणि गडद दिसला तर तिथेच उतरावंसं वाटतं, पण बऱ्याचदा तो परतीचा प्रवाह असतो, आत खेचणारा. कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडे झगडत न येता आधी किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. मेलेला जेलीफिशही हातात घ्यायचा नाही, त्याच्या दंशपेशी तेव्हाही काम करतात. डंख झाला तर वाळूने चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

शेकोटीची हौस पहिल्या वेळी सोडून द्या असंच मी म्हणेन. पेटवायची परवानगी असेल आणि पेटवलीतच, तर ती पाणी ओतून विझवा. निखाऱ्यांवर वाळू लोटली की वाळू तासन्‌तास तापलेली राहते आणि वरून काहीच कळत नाही. सकाळी अनवाणी पळणारं मूल नेमकं तिथून जातं. तंबूच्या आत शेगडी किंवा स्टोव्ह कधीच नाही, पाऊस आला तरी नाही. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

बाकी सामान तुम्हाला सुचेलच. पिण्याचं पाणी मी माणशी दिवसाला ४ लिटर धरते. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. न शिजवता खाता येईल असा खाऊ. माणशी एक टॉर्च, कारण एका टॉर्चवरून होणारी भांडणं मी पुरेशी सोडवली आहेत.

टॉर्चवरूनच पहिली हस्तकला. घरी असतानाच लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन थर टॉर्चच्या काचेवर रबरबँडने बसवा. डोळे अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा पांढरा उजेड पडला की ती मेहनत वाया जाते. लाल उजेडात ती बरीचशी टिकते. अशा उजेडात रात्री बिळांतून निघणारे खेकडे बघता येतात, मान वर केली की तारेही दिसतात. चंद्र उशिरा उगवणार असेल तर आणखी चांगलं. हा लाल टॉर्च मुलांनी स्वतः केलेला असतो, त्यामुळे अंधाराची भीती बरीच कमी होते असं मी पाहिलंय.

बाजारातली हस्तकलेची तयार खोकी मला आवडत नाहीत. कापलेले तुकडे दिलेल्या जागी चिकटवले की झालं, आणि सगळ्या मुलांचं सारखंच दिसतं. चकचकीत ग्लिटर तर किनाऱ्यावर नकोच, ते प्लास्टिकच आहे. त्यापेक्षा उन्हाचे ठसे घ्या. स्वस्तातला गडद रंगीत कागद उन्हात विटतो, हा त्याचा दोष इथे उपयोगी पडतो. कागदावर पानं, शेवाळ, पिसं, रिकामे शिंपले मांडायचे, चपट्या वस्तू उडू नयेत म्हणून वर पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा आणि कडेला दगड, आणि भर उन्हात काही तास तसंच सोडायचं. उचलल्यावर झाकलेली जागा गडद राहिलेली असते. मोठीला सांगा की इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये अशीच उन्हावर चालणारी सायनोटाइप ही निळ्या चित्रांची पद्धत शोधली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून तिच्यातून समुद्री शेवाळांचे शेकडो ठसे काढले. त्यांनी निवडलेला विषय नेमका तिच्या पायाशी पडलेला असेल.

दुसरी, पावलाचा साचा. ओलसर वाळूत मुलाने पाय घट्ट दाबून उचलायचा. डब्यात एक भाग पाणी घेऊन त्यात दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस हळूहळू टाकायचं, ढवळायचं आणि लगेच ठशात ओतायचं. अर्ध्या-पाऊण तासाने कडा खणून उचललं की खोलगट पाऊल फुगीर होऊन बाहेर येतं, तळाला वाळूचा खरखरीत थर. पावडर मिसळणं मोठ्यांचं काम, नाकाला रुमाल बांधून. आणि हे अधोरेखित करा: प्लास्टर घट्ट होताना चांगलंच तापतं, भाजण्याइतकं. ओल्या प्लास्टरमध्ये हात किंवा पाय बुडवून साचा घ्यायचा नाही, म्हणजे नाहीच. उरलेलं डब्यातच सुकवून घरी न्या. वाळूत ओतू नका, घरच्या मोरीत तर मुळीच नाही, पाइप तुंबतो.

शिंपले गोळा करताना आत कुणी राहतंय का ते बघायला शिकवा. शंखात राहणाऱ्या खेकड्यांना मोठं होताना नवे रिकामे शंख लागतात. आमच्याकडे नियम आहे: हवे तेवढे बघा, मांडा, त्यांच्या रांगोळ्या काढा, निघताना तिथेच ठेवा. काही किनाऱ्यांवर ते नेण्यावर बंदीही असते.

रात्री दहाला धाकटा "घरी जायचं" म्हणून भोकाड पसरेल, ही शक्यता धरूनच जागा निवडा. गाडी चालत जाण्याच्या अंतरावर हवी. अर्धा तास जवळ घेऊनही थांबलं नाही तर सरळ निघा. मोठीला वाईट वाटेल, तिला पुढच्या वेळी एकटीला न्या.

आवरताना अंगाला चिकटलेली वाळू पाण्यापेक्षा टाल्कम पावडर शिंपडून लवकर सुटते, पाय कोरडे करून मगच गाडीत बसवा. तंबू तिथे कोरडा वाटला तरी दवाने आतून ओला असतो. घरी पुन्हा उभा करून गोड्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. झिपच्या दात्यांतली वाळू जुन्या टूथब्रशने काढायचं काम धाकट्याला द्या. मीठ आणि वाळू तशीच राहिली तर पुढच्या वेळी सगळ्यांत आधी झिपच अडकते.